सरकारी संकेतस्थळे : यंत्रणा सार्वजनिक, ताबा कोणाचा?

सरकारी संकेतस्थळ कसे उभारले जाते आणि कोठे ठेवले जाते, हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, कामगार-शेतकरी चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे मानण्याची प्रवृत्ती आपल्या कार्यकर्त्यांतही आढळते. ही प्रवृत्ती आता घातक ठरू लागली आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ११ पाहावे. संपादनाची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, वृत्तपत्रांत आणि पंचायत, तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयांत प्रसिद्ध करण्याबरोबरच ती सरकारच्या संकेतस्थळावरही चढविली पाहिजे, असे हे कलम सांगते. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकत घेण्यास कलम १५ अन्वये मिळतात अवघे साठ दिवस. म्हणजे संकेतस्थळ ही आता शोभेची वस्तू राहिलेली नाही. तो राज्ययंत्रणेचा अधिकृत सूचनाफलक आहे, आणि त्यावर काय लागते, केव्हा लागते व केव्हा उतरविले जाते यावर शेतकऱ्याची जमीन अवलंबून असू शकते.

झाशी जिल्ह्यातील एरच हे बेतवेच्या काठचे गाव उदाहरणादाखल घेऊ. मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती नेवाळकर घराण्यामुळे आणि १८५७ च्या संग्रामामुळे. एरच त्याहून कितीतरी जुने. तेथे प्राचीन नाणी आणि लेख असलेल्या विटा सापडल्या आहेत. अकबराच्या काळी ‘इरिज’ हे आग्रा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. आज ती एक लहानशी नगरपंचायत आहे. बुंदेलखंडाचे सारे प्रश्न तिच्या भोवती आहेत : पाण्याची टंचाई, बेभरवशाची शेती आणि मजुरीसाठी दूरच्या शहरांकडे होणारे स्थलांतर. बेतवेवर एरचच्याच नावाचा धरणप्रकल्प २०१० च्या दशकात हाती घेतला गेला. केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहो येथे झाली. अशा खोऱ्यात जमीन, पाणी आणि पुनर्वसन यांविषयीची प्रत्येक सरकारी सूचना हा जगण्यामरण्याचा विषय असतो. दिल्लीला वा सुरतेला मजुरीसाठी गेलेल्या माणसाला गावच्या कार्यालयातील फलक वाचता येत नाही. त्याला पाहता येईल ते जिल्ह्याचे संकेतस्थळच.

झाशी जिल्ह्याचे संकेतस्थळ, देशातील बहुसंख्य जिल्ह्यांप्रमाणेच, राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेल्या एका समान व्यवस्थेवर चालते. ‘सुरक्षित, विस्तारक्षम आणि सुगम संकेतस्थळ-सेवा’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एस-थ्री-वास’ म्हणतात. तिचे कार्य समजावयास अवघड नाही. पूर्वी प्रत्येक कार्यालय आपले स्थळ वेगळे लिहून घेई, त्यासाठी वेगळा सर्व्हर घेई आणि वेगळा ठेकेदार नेमी. आता पानांचे साचे, सुरक्षेची तटबंदी आणि साठवणूक हे सर्व केंद्रस्थानी, क्लाउडवर असते. क्लाउड म्हणजे आकाशातील ढग नव्हे. दिल्ली, पुणे, हैदराबाद, भुवनेश्वर येथे सूचना-विज्ञान केंद्राची माहिती-केंद्रे आहेत. अशा इमारतींतील यंत्रे गरजेप्रमाणे वाटून वापरण्याची ती व्यवस्था आहे. जिल्ह्यातील कर्मचाऱ्याने साचा निवडावयाचा, रकाने भरावयाचे, सूचनेचे शीर्षक, आरंभाची तारीख, समाप्तीची तारीख व सोबतचा कागद जोडावयाचा. एकाने भरावे, दुसऱ्याने तपासावे, अधिकाऱ्याने प्रकाशनास संमती द्यावी, असा क्रम सरकारी मार्गदर्शक तत्त्वांना अभिप्रेत आहे. सुरक्षेतील एखादी त्रुटी दुरुस्त करावयाची झाली तर ती एकदाच, सर्वांसाठी केली जाते. सातशेहून अधिक जिल्हा न्यायालयांची संकेतस्थळेही याच व्यवस्थेवर आणली गेली आहेत.

ही प्रगती आहे, असे आपण निःसंकोच म्हटले पाहिजे. एकच काम शेकडो ठेकेदारांकडून शेकडो वेळा करून घेणे ही सार्वजनिक पैशाची उधळपट्टी होती. सामाजिक श्रमाचे एकत्रीकरण सार्वजनिक संस्थेच्या हाती झाले तर त्याचा लाभ लहानात लहान जिल्ह्यालाही मिळतो. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र १९७६ मध्ये स्थापन झाले आणि त्याचा राष्ट्रीय क्लाउड ‘मेघराज’ या नावाने २०१४ मध्ये सुरू झाला. ही सार्वजनिक क्षेत्रातील अभियंत्यांची व कर्मचाऱ्यांची कमाई आहे, कोणा मक्तेदार कंपनीची देणगी नव्हे.

परंतु सार्वजनिक क्षेत्राने उभारलेले सार्वजनिक हाती राहतेच असे नाही. १९७८ मध्ये आयबीएम कंपनी भारत सोडून गेली, तेव्हा तिची यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीने पेलली. रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण १९८० च्या दशकात याच कंपनीने केले. परकीय मक्तेदारीवाचून देशाचे अडत नाही, हे तिने सिद्ध केले होते. २००१ मध्ये वाजपेयी सरकारने तिचे ५१ टक्के भाग टाटा उद्योगसमूहाला विकले आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. जनतेच्या पैशाने कौशल्य घडवावयाचे आणि ते फळाला आल्यावर भांडवलदारांच्या ओटीत घालावयाचे, ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे.

तीच रीत क्लाउडच्या क्षेत्रात पुन्हा दिसत आहे. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने सरकारी कामासाठी मान्य केलेल्या क्लाउड-पुरवठादारांत अमेरिकन मक्तेदार कंपन्यांनाही स्थान दिले. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-पत्रव्यवस्था सूचना-विज्ञान केंद्राच्या स्वतःच्या प्रणालीवरून झोहो या खासगी कंपनीच्या प्रणालीवर हलविण्यात आली. कंपनी स्वदेशी आहे, असे समर्थन केले जाते. पण स्वदेशी भांडवल हेही भांडवलच. परकीय मक्तेदारीवर विसंबण्याचा अर्थ काय, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. युरोपीय संघाने निर्बंध घालताच गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने बंद केल्या. नायराने पैसे भरलेले होते, तिने भारताचा कोणताही कायदा मोडलेला नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावरच सेवा पूर्ववत झाल्या. एका बड्या कंपनीची ही गत, तर उद्या जिल्ह्याजिल्ह्यांचे सूचनाफलक अशा हातांत गेले तर एरचच्या शेतकऱ्याने कोणते न्यायालय गाठावे?

तथापि सार्वजनिक मालकीचे रक्षण केले की आपले काम संपले, असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. सर्व्हर सरकारचा असला तरी सरकार कोणत्या वर्गाचे, हा प्रश्न उरतोच. सूचनेला समाप्तीची तारीख घालणारा हात अधिकाऱ्याचा आहे. ती तारीख उलटली की सूचना दर्शनी पानावरून जुन्या नोंदींत जाते. कागदाचे छायाचित्र काढून तेच चढविले तर त्यातील शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन नागरिकाच्या यंत्राला ते वाचताही येत नाही. साचा उत्तम असला तरी रकाना रिकामा ठेवण्याची मुभा त्यात असतेच. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला कोणी न मागता माहिती प्रसिद्ध करण्यास भाग पाडते आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करण्यास सांगते. यंत्रणा आता सर्वत्र आहे. त्यामुळे ‘सोय नाही’ ही सबब संपली आहे. कलम ४ नुसार द्यावयाची माहिती एखाद्या जिल्ह्याच्या स्थळावर नसेल तर ती तेथे नाही, कारण ती देण्याची इच्छा नाही.

उलट, असलेली माहिती काढून घेण्याची वाट मोकळी होत आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने (२०२३) माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील वैयक्तिक माहितीविषयक तरतूद बदलली आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. शिधा, मजुरी व घरकुले यांच्या याद्या लोकांसमोर असल्यामुळेच बोगस नावे उघडकीस येत आली आहेत. खासगीपणाचे नाव पुढे करून या याद्या झाकल्या गेल्या तर संरक्षण मिळेल ते भ्रष्ट मध्यस्थाला.

यंत्रणा जनतेच्या बाजूने वळविता येते, याचे उदाहरणही आपल्यासमोर आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्यांतून ‘आमचा पैसा, आमचा हिशेब’ ही मागणी वर्षानुवर्षे रेटली. त्या लढ्याच्या बळावर १३ सप्टेंबर २०१९ रोजी ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झाले. कोणत्या योजनेची कोणती माहिती प्रभागवार व पंचायतवार मांडावी, याचा विचार त्यात चळवळीच्या कार्यकर्त्यांच्या सहभागाने झाला. केरळात डाव्या आघाडीच्या सरकारने १ जानेवारी २०२४ पासून शहरी स्थानिक संस्थांत ‘के-स्मार्ट’ सुरू केले, ते इन्फर्मेशन केरळ मिशन या सरकारी संस्थेकडून तयार करवून घेऊन. दोन्ही ठिकाणी राजकीय निर्णय आधी झाला, तंत्र मागून आले.

काही साथी विचारतील : ज्याच्या हाती धड मोबाइल नाही, त्याला संकेतस्थळाचा उपयोग काय? आक्षेप रास्त आहे. संकेतस्थळावर टाकले म्हणजे लोकांना कळविले, हा सत्ताधाऱ्यांचा कांगावा आपण मुळीच मान्य करता कामा नये. कायद्यानेही पंचायत कार्यालयातील प्रसिद्धी रद्द केलेली नाही. पण म्हणून यंत्राकडे पाठ फिरविणे हे उत्तर नव्हे. १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, तेव्हा त्यांचा प्रश्न रोजगाराचा होता. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांतील भेद मार्क्सने दाखवून दिला आहे. तो भेद आजही आपला मार्गदर्शक आहे.

म्हणून पुढील मागण्या प्रत्येक जिल्हा समितीने हाती घ्याव्यात. सरकारी संकेतस्थळांची व्यवस्था व साठवणूक सार्वजनिक क्षेत्रातच राहावी आणि तिचा मूळ संगणकीय आराखडा जनतेच्या परीक्षणासाठी खुला असावा. जिल्ह्यांत हे काम करणारे कर्मचारी ठेक्यावर न राबविता कायम नेमावेत. प्रत्येक सूचना लोकांच्या भाषेत, शोधता येईल अशा अक्षरांत असावी. ती केव्हा चढविली व केव्हा बदलली याची नोंद पुसली जाऊ नये. मुदत संपलेली सूचनाही सहज सापडावी. संकेतस्थळावरील प्रत्येक महत्त्वाची सूचना त्याच दिवशी पंचायतीच्या भिंतीवर लागावी आणि सभेत वाचून दाखविली जावी.

मागणीबरोबर कामही आहे. शाखेतील एका साथीने आठवड्यातून एकदा जिल्ह्याचे संकेतस्थळ उघडावे, भूसंपादन, भरती, निविदा व शिधा यांच्या सूचना उतरवून घ्याव्यात, शाखेच्या बैठकीत वाचाव्यात आणि गावी नसलेल्या स्थलांतरित साथींना कळवाव्यात. रिकाम्या रकान्यांची यादी करून ती माहिती अधिकाराच्या अर्जासह जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी. साठ दिवसांची मुदत कोणासाठी थांबत नाही. एरच असो वा आपला तालुका, फलकावर लागलेला शब्द ज्याच्या जमिनीविषयी आहे त्याच्यापर्यंत तो वेळेत पोहोचविणे हे संघटनेचेच काम आहे.