चौकोन नकोत, माणूस हवा

हल्ली चेहरा काढायला बसलेली मुलं आधी मोबाइल उघडतात. फोटोवर चौकोन आखायचे, तसेच कागदावर आखायचे आणि एकेक घर भरत न्यायचं. चित्र हुबेहूब उतरतं, घरचे कौतुक करतात. पण पुढ्यात जिवंत माणूस बसवला की हात अडतो, कारण बघायची सवयच लागलेली नसते. म्हणून मी मुक्तहस्त सरावाचा हट्ट धरते.

नवशिक्याच्या चित्रात डोळे बहुधा फार वर जातात. सगळं लक्ष डोळ्या-ओठांवर असतं, कपाळ आणि केस उरल्या जागेत कोंबले जातात. प्रत्यक्षात टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या अंतरात मोठ्या माणसाचे डोळे साधारण मध्यावर येतात. दोन डोळ्यांमध्ये तिसरा डोळा मावेल एवढी जागा असते. हे प्रमाण पाठ असावं ते समोरचा माणूस त्यापासून कुठे वेगळा आहे, हे कळण्यासाठी. दात गेलेल्या आजोबांकडे बघा. हनुवटी नाकाकडे सरकलेली, वरचा ओठ आत ओढलेला, कानांच्या पाळ्या लांबलेल्या. त्यांचं वय तिथे आहे. सुरकुत्या शेवटी काढल्या तरी चालतात. आधी डोक्याचा ढोबळ आकार, मग डोळे किलकिले करून मोठ्या सावल्या: भुवयांखालची, नाकाखालची, खालच्या ओठाखालची. त्या नेमक्या पडल्या की पापण्या न काढताही माणूस ओळखू येतो.

फोन जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं, कान मागे जातात. चौकोनांतून उतरवणारा तेही इमानाने उतरवतो.

आपल्याकडे व्यक्तिचित्रणाची केवढी मोठी परंपरा आहे! सा. ल. हळदणकर, गोपाळ देऊसकर ही नावं तर आहेतच; आपल्या काळात वासुदेव कामतांना 2006 साली पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अशा चित्रकाराचं प्रात्यक्षिक असेल तिथे मुलांना जरूर न्या. हात कसा चालतो याबरोबरच त्यांची नजर किती वेळा समोरच्या माणसाकडे जाते, तेही बघायला सांगा.

एरवी एसटी स्टँड, लोकलचा डबा, दवाखान्यातला बाक, कुठेही बसावं. वही लहान, पेन्सिल 4बी, खोडरबर घरी. माणूस मान वळवेल, उठून जाईल. जाऊ द्या. पान उलटून पुढचा चेहरा घ्या, आणि घरी आल्यावर ते अर्धवट चित्र फोटो बघून पुरं करू नका.