खड्ड्यातले गाव

एका बेटाने एका देशाला आपले नाव दिले आणि पुढे देश एवढा मोठा झाला, की बेट नकाशावर भिंग घेऊन शोधावे लागू लागले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मोझांबिक बेट ते हेच. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी फार तर अर्धा किलोमीटर. मुख्य भूमीवरून इथे यायला समुद्रावरचा एकपदरी लांबलचक पूल आहे. समोरून गाडी आली, की मध्येच ठेवलेल्या रुंद जागेत थांबून तिला वाट द्यायची. घाई असलेल्या माणसाने इथे येऊच नये.

मी गेले ती गोव्याच्या ओढीने. आपल्या शाळेच्या पुस्तकातला वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालतो आणि थेट कालिकतला उतरतो. प्रत्यक्षात मार्च १४९८ मध्ये तो या बेटावर थांबला होता. तेव्हा हे अरबी व्यापाऱ्यांचे नांदते बंदर होते. मुसा बिन बिकी नावाच्या इथल्या शेखावरून ‘मोझांबिक’ हे नाव पडले, असे मानतात. पुढे लिस्बनहून गोव्याला निघालेली जहाजे मोसमी वाऱ्यांची वाट पाहत इथे थांबू लागली. उत्तर टोकाला १५२२ मधले एक छोटे चॅपेल आहे आणि त्याला लागून सान सेबास्तियांवचा किल्ला. बांधकाम १५५८ मध्ये सुरू झाले. डचांनी १६०७ आणि १६०८ साली वेढे घातले, पण किल्ला पडला नाही. या साऱ्या मुलखाचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चाले. गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात आता संग्रहालय आहे. तिथले नक्षीदार लाकडी सामान पाहताना मडगावच्या एखाद्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात उभे असल्यासारखे वाटते.

इथवर सारे ओळखीचे वाटत जाते. पण या बेटावर एक गाव नाही, दोन आहेत.

उत्तरेकडचा अर्धा भाग दगडी गावाचा. चुन्याने रंगवलेल्या जाड भिंती, उंच दारे, सपाट गच्च्या. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही, म्हणून गच्चीवरचा पाऊस टाक्यात साठवायची ही सोय. दक्षिणेकडचा भाग ‘माकुती’चा. माकुती म्हणजे नारळीच्या झावळ्या. कूड, माती आणि झावळ्यांची दाटीवाटीने उभी असलेली घरे. बेटावरची बहुसंख्य माणसे या भागात राहतात. दगडी गावातून तिकडे वळले, की रस्त्यावरून आपण घरांच्या छपरांकडे वरून पाहू लागतो. वस्ती खाली आहे, रस्ता वर.

कारण साधे आहे. दगडी गावाचा दगड इथूनच काढला. खाण खोल होत गेली आणि ज्यांनी दगड फोडला, वाहिला, रचला, त्यांची वस्ती त्या खाणीच्या खड्ड्यात वसली. एका गावाची उंची दुसऱ्या गावाच्या खोलीतून आलेली, हे इतके उघड दिसणारे ठिकाण मी दुसरे पाहिलेले नाही.

या दगडाखाली आणखी एक हिशेब आहे. हस्तिदंत आणि सोने यांच्या जोडीने इथून माणसे विकली गेली. मॉरिशसला, रियुनियनला, थेट ब्राझीलला. डिसेंबर १७९४ मध्ये चारशेहून अधिक गुलाम घेऊन ‘साव जुझे’ हे जहाज ब्राझीलसाठी इथून निघाले आणि केपटाऊनजवळ फुटले. दोनशेहून अधिक बंदिवान बुडाले. वाचले त्यांना तिथे पुन्हा विकले गेले. २०१५ साली त्या जहाजाच्या अवशेषांची ओळख पटल्याचे जाहीर झाले, तेव्हा या बेटावरची माती नेऊन त्या पाण्यात अर्पण करण्यात आली. आपणही यातून सुटत नाही. इथल्या व्यापारात चलन म्हणून फिरत होते ते गुजरातचे कापड आणि ते आणत होते दीवचे वाणी. गोव्याच्या बाजारातही आफ्रिकी गुलाम विकले जात. पोर्तुगीजांच्या नावाने बोटे मोडताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

राजधानी १८९८ मध्ये दक्षिणेला गेली. १९७५ साली देश स्वतंत्र झाला, पोर्तुगीज निघून गेले आणि दगडी घरांना कुलपे लागली. मागोमाग यादवी आली. १९९२ पर्यंत चाललेल्या त्या युद्धात जीव वाचवायला लोक बेटावर आले आणि माकुतीत मुंगी शिरायला जागा उरली नाही. युनेस्कोने १९९१ मध्ये बेट जागतिक वारशाच्या यादीत घेतले. हा मान एकट्या दगडी गावाला मिळालेला नाही, तो दोन्ही गावांना मिळाला आहे. तरी पाहुण्यांसाठी डागडुजी होते ती मुख्यतः दगडी घरांची. त्यांची अतिथिगृहे होतात, बोगनवेलीखाली कॉफी मिळते. अर्थात त्यातून रोजगार मिळतो, हेही खरेच.

माकुतीत एका बाईंच्या अंगणात बसले होते. वय माझ्या आईएवढे. चेहऱ्यावर मुसिरोचा, म्हणजे झाडाची काठी दगडावर उगाळून केलेला पांढरा लेप. सोबतचा मुलगा दुभाषाचे काम करत होता. मी त्यांच्या शेजारच्या झावळ्यांच्या छपराचे कौतुक केले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘सगळे पाहुणे असेच म्हणतात. पण झावळ्या विकत घ्याव्या लागतात, थोड्या वर्षांत कुजतात आणि ठिणगी पडली की ओळच्या ओळ जाते. मी पत्रा घातला. तापतो, पण गळत नाही.’’

कोकणात ज्यांनी शाकारणी पाहिली आहे, त्यांना या उत्तराचे नवल वाटणार नाही. वारशाच्या तज्ज्ञांना मात्र पत्रा खुपतो आणि त्यांचेही अगदीच चुकते असे नाही. गावभर पत्रा आला, तर गावाची ओळख पुसली जाईल. पण ओळख जपायचा खर्च सर्वांत गरीब माणसाने का सोसावा? झावळ्या हव्या असतील, तर त्यांचे पैसे वारसा मिरवणाऱ्यांनी आणि तो पाहायला येणाऱ्या माझ्यासारख्यांनी द्यावेत.

प्रश्न छपरापुरता नाही. पाणी उताराकडे धावते आणि इथला उतार माकुतीकडे आहे. मार्च २०२२ मध्ये ‘गोम्बे’ आणि मार्च २०२५ मध्ये ‘ज्यूड’ ही चक्रीवादळे याच किनाऱ्यावर आदळली. समुद्राची पातळी वाढते आहे. ज्या दगडाने वरची घरे उभी राहिली, तो काढल्याची किंमत खालची वस्ती प्रत्येक पावसाळ्यात पुन्हा मोजते. म्हणून बेटाच्या जतनाचा पहिला पैसा कमानींच्या रंगावर न जाता या खड्ड्यातल्या गटारांवर, नळांवर आणि शौचकूपांवर जायला हवा.

आपल्याकडेही किल्ले, वाडे, पेठा ‘वारसा’ म्हणून जपायची चांगली हौस वाढते आहे. त्यासाठी आराखडे होतील, निधी येतील. ते करताना त्या दगडांच्या सावलीला राहणाऱ्यांना आधी विचारावे, तुमचे छप्पर गळते का?