भुरक्याची बाजू

मी भुरक्याचे वकीलपत्र घेतले आहे. यंदाच घेतले. त्याआधी वीस वर्षे मी फिर्यादीच्या बाजूला होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचा साखरपुडा पुण्यात झाला. मलकापूरहून आम्ही सगळे गाडी करून गेलो. जेवणाच्या टेबलावर आमच्या आप्पांनी आमटीची वाटी तोंडाला लावली आणि उभा जन्म मारीत आले तसा एक भुरका मारला. आप्पांनी चाळीस वर्षे उसाला पाणी पाजले. त्यांचा भुरका काही कुजबुजत येत नाही. पुतण्या वाकून हळूच म्हणाला, "आप्पा, आवाज नका करू. लोक बघतायत."

आप्पांनी वाटी खाली ठेवली. भात कोरडाच खाल्ला. तेव्हापासून चार लोकांत त्यांनी आमटी घेतलेली मी पाहिली नाही. विचारले तर म्हणतात, "आताशा सोसत न्हाई." घरी मात्र सोसते.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत हाच पुतण्या मला पुण्यातल्या एका रामेनच्या उपाहारगृहात घेऊन गेला. दाराबाहेर अर्धा तास रांग. आत गेल्यावर मोठे वाडगे समोर आले: तासन्‌तास उकळलेल्या हाडांचा रस्सा, त्यात गव्हाच्या लांब शेवया, वर अर्धे अंडे, मांसाच्या चकत्या आणि कांद्याची पात. पुतण्याने दोन काड्यांनी शेवया उचलल्या, वाडग्यावर मान घातली आणि असा काही आवाज काढला की मी दचकून आजूबाजूला पाहिले. पाहतो तो प्रत्येक टेबलावर तोच गजर!

"काका, आवाज करा की," तो म्हणाला. "जपानमध्ये असंच खातात. नाहीतर चव कळत नाही."

तिथे मी काही बोललो नाही. पोराने हौसेने नेले होते आणि बिलही त्यानेच दिले. म्हणून आता इथे बोलतो.

पुतण्याचे म्हणणे खरेच आहे. कढत रस्सा हवेबरोबर ओढला की तो निवतो, आणि त्याचा वास तोंडातून नाकात चढतो. शेवया निवण्याची वाट पाहावी तर त्या रश्शात फुगून मऊ पडतात. पण वाचकहो, कढत पदार्थाचा हा नियम टोकियोला एक आणि मलकापूरला दुसरा, असा असतो काय? आमसुलाचे सार, कुळथाचे माडगे, कटाची आमटी, तांबडा रस्सा ही सारी मंडळी चमच्याने चाखायची नव्हेत. ओरपायची आहेत. आपल्या भाषेने घोट, घुटका, भुरका असे वेगवेगळे शब्द उगाच केले नाहीत.

कोणी म्हणेल, जपानी लोकांची ती संस्कृती आहे. असेल, पण रामेन काही राजवाड्यातून आले नाही. शेवयांची ही तऱ्हा चिनी लोकांनी योकोहामासारख्या बंदरांत नेली. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली रायरायकेन नावाचे दुकान निघाले, तिथले आचारीही चिनीच होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत अमेरिकेच्या गव्हावर रस्त्याकडेच्या गाड्यांनी हेच अन्न लोकांना पुरवले. १९५८ साली मोमोफुकु आंदो यांनी झटपट होणाऱ्या शेवया काढल्या. आपली पोरे दोन मिनिटांत उकळून खातात त्यांचे मूळ तेच. म्हणजे हे कष्टकऱ्याचे खाणे. चांगले दिवस आले म्हणून त्या लोकांनी त्यातला आवाज टाकून दिला नाही.

आपला रोग त्यांनाही शिवून गेला असावा. जुझो इतामी यांच्या 'ताम्पोपो' या १९८५ सालच्या चित्रपटात एक बाई तरुण मुलींना स्पॅगेटी बिनआवाजाची खायला शिकवीत असते. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा पाश्चात्त्य गृहस्थ तीच स्पॅगेटी दणकून भुरकतो, आणि साऱ्या मुली त्याचे अनुकरण करतात! आम्हीही परक्याच्या दाखल्याची वाट पाहतो.

तोंड उघडे टाकून मचमच करणे वेगळे. त्याची वकिली मी करणार नाही. पण भुरक्यावर असभ्यतेचा आरोप ठेवणाऱ्यांना मी एकच विचारतो: लाज कशाची वाटते? आवाजाची म्हणावी, तर तोच आवाज तुम्ही रांगेत उभे राहून, पैसे मोजून करता. मग उरतो तो आवाज करणारा माणूस. लाज त्याची वाटते. ती बापाची असते, आजाची असते, धोतराची असते.

पुतण्याला एकट्याला दोष देऊन मी सुटणार नाही. शाळेतल्या पोषण आहाराच्या पंगतीत ताट तोंडाला लावणाऱ्या पोरांवर मीच डोळे वटारले आहेत. "मुकाट्याने जेवा, जनावरं आहात काय?" हे वाक्य माझे. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. चार शिकलेल्यांत आपण गावंढळ दिसू ही धास्ती माझ्याच पोटात होती. ती मी पोरांच्या ताटात वाढली.

असो. पाडव्याला सारे घरी येणार आहेत. आमटी वाटीतच वाढायची आणि चमचे फडताळात ठेवायचे, असे मी घरात सांगून ठेवले आहे. पहिला भुरका मी मारणार. दुसरा पुतण्याने मारावा. सराव त्याला आहेच. तिसरा आप्पांचा. तो ओसरीपर्यंत ऐकू आला, म्हणजे आमची दिवाळी झाली.