छायाचित्राचा कौल

मेंदूतील धमनीचा फुगा फुटून रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल झाला आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातलगांच्या हाती सी. टी. स्कॅनची फिल्म पडली, की त्यांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो : ‘डॉक्टर, वाचेल ना?’ देवापुढे कौल लावावा तसा त्या काळ्यापांढऱ्या चित्रापुढे कौल लावला जातो. उत्तर देणारे डॉक्टरही माणूसच. एखादा घाईत असतो. पांढरा डाग पाहून ‘फारशी आशा नाही’ असे म्हणून मोकळा होतो. या तीन शब्दांवर एका जिवाचे भवितव्य ठरू शकते, याची जाणीव करून देण्यासाठी आम्ही आज लेखणी उचलली आहे.

हे चित्र सांगते तरी काय? १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचा पहिला स्कॅन झाला. १९८० साली बोस्टनचे मिलर फिशर व त्यांचे सहकारी यांनी अशा स्कॅनच्या आधारे फुगा फुटलेल्या ४७ रुग्णांचा अभ्यास केला. मेंदूच्या आवरणाखाली रक्त दिसलेच नाही किंवा नुसते विरळ पसरलेले दिसले, अशा १८ जणांपैकी एकालाच पुढे धमन्यांचे तीव्र आकुंचन झाले. जेथे मोठ्या गुठळ्या वा जाड थर होते, तेथे मात्र २४ पैकी २३ जणांना! हे आकुंचन बहुधा चौथ्या ते चौदाव्या दिवसांत येते, आणि पहिल्या घावातून सावरलेला रुग्ण या दुसऱ्या घावाने जायबंदी होतो. म्हणजे फिल्म इशारा देते तो पहाऱ्याचा : निमोडिपीन २१ दिवस चालू ठेवा, रक्तदाब घसरू देऊ नका, शुद्ध वारंवार तपासा.

फिशर यांनी भाकीत केले ते धमन्यांचे. रुग्णाच्या आयुष्याचे त्यांनी केले नव्हते. रुग्णाचे वय काय, तो शुद्धीवर होता की नाही, फुगा पुन्हा फुटला का, याचा हिशेब वेगळा. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी तुंबले असेल तर तेही याच फिल्मवर दिसते, आणि ते नळीने काढल्यावर बेशुद्ध रुग्णाने डोळे उघडणे हा मेंदूशल्यचिकित्सकांच्या नित्याच्या अनुभवातला भाग आहे. ज्या चित्रावरून आशा सोडली, त्याच चित्रात उपायही असतो तो असा! आशा सोडली की उपचार सैल होतात, रुग्ण दगावतो, आणि भाकीत खरे ठरल्याचा शिक्का बसतो. अशा घातक मेंदूआघातात पहिले ७२ तास अंतिम निर्णय घेऊ नये, असे न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीने २०१५ सालीच सांगून ठेवले आहे. तो संयम आमच्या रुग्णालयांनी नियम म्हणून पाळावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

उलट बाजूचा धोकाही कमी नाही. पहिल्या सहा तासांत काढलेल्या चांगल्या स्कॅनमधून हा रक्तस्राव क्वचितच निसटतो. पण जसजसे दिवस जातात तसतसे रक्त विरघळून चित्र स्वच्छ दिसू लागते. डोक्यात अकस्मात वीज कोसळावी तशी कळ आली असताना ‘पित्त असेल’ म्हणून घरी पडून राहिलेला आणि पाचव्या दिवशी गावाहून आणलेला रुग्ण त्या स्वच्छ फिल्मने फसतो, आणि त्याच्याबरोबर डॉक्टरही. तेव्हा डोकेदुखी सुरू झाल्यापासून किती तासांनी स्कॅन काढला, हा आकडा प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलेला असावा.