फ्रीज फुकट, बिल विकत

जुना फ्रीज कुणाला तरी देऊन टाकणे हे आपल्याकडे सवाबाचे काम समजले जाते. नवा घेतला की जुना कामवाल्या बाईला, गावाकडच्या नातेवाइकाला किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या विधवेला. देणाऱ्याच्या घरातली अडगळ जाते, घेणाऱ्याला बर्फ मिळतो, दोघेही खूश. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आकडे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून या व्यवहारातला न दिसणारा भाग आज मांडतो आहे. तो आहे विजेचे बिल.

माझी खाला कोंढव्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते. ज्यांचे कपडे शिवते त्यांच्यापैकी एका बाईंनी तिला १६५ लिटरचा फ्रीज दिला होता. वीसेक वर्षांचा, दाराचे रबर सैल पडलेले. फ्रीज खात असलेली वीज मोजायला मी बाजारात मिळणारे साधे प्लग-मीटर लावले. चोवीस तासांत १.९ युनिट. म्हणजे महिन्याला ५७. फ्रीज सोडून तिचे सगळे घर, शिलाई मशीन धरून, ७५ युनिटच्या आसपास चालते.

इथे महावितरणच्या टप्प्यांचे गणित येते. १०० युनिटपर्यंतचा दर आणि त्यापुढचा दर यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. फ्रीज नसता तर खाला पहिल्या टप्प्यातच राहिली असती. फ्रीजमुळे ती १३२ वर पोचते आणि वरचे ३२ युनिट महागड्या दराने भरते. सगळे आकार धरून तो फुकटचा फ्रीज तिला महिन्याला पाचशे रुपयांच्या घरात पडत होता. हाच फ्रीज मूळ मालकिणीच्या घरीही तेवढीच वीज खात होता, पण पाचशे रुपये तिच्या डोळ्यांत भरले नसते. आपण जेव्हा जुनी वस्तू गरिबाला देतो तेव्हा तिचा चालवण्याचा खर्चही त्याच्या गळ्यात घालतो. ही मदत आहे की अडगळीची बदली, हे देण्यापूर्वी तपासायला हरकत नसावी.

मेकॅनिकने रबर बदलून पाहू म्हटले. त्याने थोडा फरक पडला असता, पण कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. तेव्हा फ्रीज काढायचा ठरला, आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे.

भंगारवाल्याने दारात ९०० रुपये सांगितले, रोख, आणि तिसऱ्या मजल्यावरून स्वतः उतरवणार. अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांनी दोन-तीन फोननंतर ४०० सांगितले, तेही फ्रीज खाली आणून दिला तर. दुकानदार एक्स्चेंजमध्ये २,००० देत होता; पण आधी एक्स्चेंजविना किंमत विचारली, तर तिथेही तो १,५०० सोडायला तयार होता. (हा प्रश्न नेहमी आधी विचारावा. एक्स्चेंजची रक्कम बहुतेक वेळा सवलतीचेच दुसरे नाव असते.) शिवाय नवा फ्रीज त्याच दिवशी घ्यायला खालाकडे पैसे कुठे होते? ती मला म्हणाली, "बेटा, पाच सौ रुपये याने दो ब्लाऊज की सिलाई." फ्रीज भंगारवाल्याकडे गेला. मी अडवले नाही, आणि अडवायला नको होते असेच माझे मत आहे. पर्यावरणाचा भार त्या घरातल्या दोन ब्लाऊजच्या शिलाईवर टाकणे न्यायाचे नाही.

पण भार कुठेतरी पडतोच. भंगाराच्या वखारीत फ्रीज उघडताना पहिली चिमटी बसते ती कॉम्प्रेसरच्या तांब्याच्या नळीवर. फुस्स आवाज येतो आणि आतला शंभर-दीडशे ग्रॅम वायू हवेत जातो. खालाच्या फ्रीजमागच्या पट्टीवर आर-१३४ए लिहिले होते. त्याची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. त्याआधीच्या फ्रीजमधला आर-१२ ओझोनचा थर खाणारा. मॉन्ट्रियल करार १९८७ चा, भारतात त्याचे उत्पादन २०१० पर्यंत बंद झाले, पण जुन्या यंत्रांत तो अजून सापडू शकतो. नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो हवामानाला बराच सौम्य, पण ज्वलनशील. बिडी ओढत नळी कापणाऱ्या पोराला पट्टीवरचे ते अक्षर कोण वाचून दाखवणार? भिंतींमधल्या पिवळ्या फोमला तर भावच नाही. तो जाळला जातो किंवा नाल्याकाठी पडतो. जुन्या फ्रीजच्या फोममध्ये नळ्यांतल्यापेक्षा जास्त घातक वायू अडकलेला असतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

वखारीत काम करणारी ही पोरे कोण? मुंबईतल्या धारावी, कुर्ल्यापासून दिल्लीच्या सीलमपूरपर्यंत पाहा: मुसलमान आणि दलित, बहुतेक स्थलांतरित. आपण ज्यांच्या हक्कांविषयी लिहितो तीच माणसे. एका हाताने आपण त्यांच्यासाठी निवेदने देतो आणि दुसऱ्या हाताने वायूने भरलेली टाकी त्यांच्या स्वाधीन करतो.

कायदा आहे. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत उत्पादकावर जबाबदारी आहे, नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याला जागा आहे, दुरुस्ती करून विकणाऱ्याला आहे. दारोदार फिरून माल गोळा करणारा मात्र या नोंदणीच्या चौकटीत नाहीच. २०१६ च्या नियमांत निदान संकलन केंद्रे आणि सुटे भाग करणारे यांची नावे होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२४ मध्ये कंपन्यांनी पुनर्चक्रीकरणासाठी द्यायचा किमान दर घरगुती उपकरणांना किलोला २२ रुपये ठरवला. काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तीसेक किलोच्या फ्रीजला ढोबळ हिशेबाने साडेसहाशे रुपये होतात. खालाला कमी पडत होते पाचशे. म्हणजे पैसा साखळीत आहे, फक्त तो तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत नाही.

तो चढवता येतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिच्यातूनच स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. कचरा वेचणाऱ्या बाईला ओळखपत्र मिळू शकते, तर फ्रीज उतरवणाऱ्या भंगारवाल्याला का नाही? त्याने फ्रीज न फोडता, नळी न कापता अख्खा पोचवला तर वरचे पैसे त्याला आणि विकणाऱ्याला, एवढीच व्यवस्था हवी. नव्या नियमांत राज्य सरकारवर या कामगारांची नोंदणी आणि प्रशिक्षण करण्याची जबाबदारी आहे. महाराष्ट्राच्या कामगार खात्याला ती आपण विचारली पाहिजे, आणि महापालिकेला बेवारस ई-कचऱ्याविषयी.

माणसे नाहीत असे कुणी म्हणू नये. बकरी ईदला तीन दिवस गल्लीगल्लीत कातडी गोळा करायला टेम्पो, पावती पुस्तके आणि तरुण उभे राहतात. वर्षातून एक रविवार तेच टेम्पो जुन्या फ्रीज, टीव्हीसाठी फिरू शकतात, भंगारवाल्यांना सोबत घेऊन.

आणि नव्या फ्रीजचे काय? सर्वांत साधा, एक दाराचा फ्रीज साडेबारा हजारांचा. तो महिन्याला पंधरा युनिट घेतो. खाला पुन्हा शंभराच्या आत. महिन्याला सव्वाचारशे वाचतात, म्हणजे अडीच वर्षांत किंमत वसूल. बँकेला असे कर्ज द्यायला वेळ नाही आणि फायनान्सवाल्याचे चार्जेस खालाला कळत नाहीत. पण बिनव्याजी कर्ज देणाऱ्या आपल्या बैतुलमाल आणि पतपेढ्या लग्न, आजारपण, फी यांसाठी पैसे देतात. फ्रीजसाठी मागितले की चैनीची वस्तू म्हणतात. अर्जासोबत वर्षभराची वीजबिले घ्या आणि हप्ता वाचणाऱ्या रकमेइतकाच ठेवा. खालाच्या नावाचा असा एक अर्ज आमच्या मोहल्ल्यातल्या कमिटीकडे दिला आहे, बिलांच्या झेरॉक्स जोडून. बैठक येत्या जुम्म्यानंतर आहे.