पुरुमेंत भरताना टॉर्चही आठवा



संत जुझे वाझ यांचे फेस्त आपण दरवर्षी १६ जानेवारीला भक्तिभावाने साजरे करतो. मी दोतोर्न शिकवते. मुलांना विचारले, तर बाणावलीत १६५१ साली जन्म, श्रीलंकेत सेवा, २०१५ साली संतपद, हे ती घडाघडा सांगतात. पण त्यांनी तिथे नेमके केले काय, असे विचारले की सगळी गप्प. हा दोष पोरांचा नाही, आपल्या शिकवण्याचा आहे.

१६९७ साली कॅंडीत देवीच्या रोगाची साथ आली. लोक घरच्या आजाऱ्यांनाही टाकून पळाले. फादर वाझ आणि त्यांचे सहकारी फादर कार्व्हालो मात्र मागे राहिले. आजाऱ्यांना आसरा दिला, भरवले, मेलेल्यांना माती दिली. त्यातले बहुतेक ख्रिस्ती नव्हते. औषध नव्हतेच, होते ते पाणी, अन्न, आणि जवळ बसणारे माणूस. मुलांना आधी हे सांगायला हवे.

आणि सांगून थांबू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये शापोरा नदीचे पाणी पेडणे आणि डिचोलीतल्या गावांत शिरले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडे आणि विजेचे खांब पाडले, कित्येक घरे काही दिवस काळोखात होती. आज आपल्याकडच्या अनेक घरांत आईवडील आखातात किंवा बोटीवर, आणि घरी आजी-आजोबा नि नातवंडे. अशा रात्री धावपळ कोण करणार? दहा-बारा वर्षांचे पोरच ना!

काही जण म्हणतात, "लहान मुलांना कशाला घाबरवता? देव आहे." देव आहेच. पण फादर वाझ यांनी प्रार्थनाही केली आणि पेजेचे भांडेही उचलले. शिवाय तयारी आपल्याला नवी नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त आले की आपल्या आया पुरुमेंत भरायच्या: तांदूळ, सुकी मासळी, सोले, मिरच्या. तेव्हा कुणी घाबरत नव्हते.

त्याच पुरुमेंतात आता थोडी भर घालूया. एका डब्यात टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी. पिण्याचे पाणी झाकून ठेवलेले. आजी-आजोबांच्या आठवडाभराच्या गोळ्या. आधार, रेशनकार्ड, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, उंच फळीवर. ११२, १०८, १०१ आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर कागदावर लिहून भिंतीला, कारण मोबाईलची बॅटरी संपली की त्यातले नंबर काय कामाचे? घरात पाणी शिरायला लागले तर मेन स्विच कोण बंद करणार, तेही ठरलेले असावे. तारेला किंवा स्विचला मुलांनी हात लावायचा नाही, हे तर दहादा सांगावे.

माझी सूचना साधी आहे. जून उजाडण्याआधीचा एक रविवार यासाठी द्यावा. आधी संत जुझे वाझ यांची कॅंडीतली गोष्ट, मग प्रत्येक मुलाने आपल्या घरची यादी करावी. यादीच्या शेवटी एक नाव लिहावे: वाड्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे, मग ते घर खुरसाचे असो की तुळशीचे. पाऊस वाढला की त्या दारात जाऊन विचारपूस करणे हे त्या मुलाचे काम. हिंदू शेजाऱ्यांची पोरेही त्या दिवशी यावीत. पाणी शिरताना दारावरचे नाव वाचत नाही.

— दोतोर्न शिकवणारी एक वाचक, पार्से, पेडणे