रस्सा कोणाला, फोडी कोणाला?

बेळगुंदीपासून निपाणीपर्यंत आपल्या भागात जेवणाची पारख रश्श्यावरून होते. कोल्हापूरच्या शेजारामुळे तांबडा-पांढरा आपला झाला, गोव्याच्या नात्यागोत्यातून शाकुती व सोरपोतेल आले. फेस्ताच्या पंगतीत भाकरी, भात, पाव व सान्ना एकत्र दिसतात, हे आपले भाग्यच. परंतु आज आम्हांला चवीविषयी नव्हे, वाढपाविषयी लिहावयाचे आहे.

मटण शिजले की त्याचे पाणी म्हणजे अळणी. त्यात नारळाचे दूध, तीळ व खसखस घातली की पांढरा रस्सा. घरची चटणी व कांदा-खोबऱ्याचे वाटण घातले की तांबडा. फोडी काढून त्यांचे सुके होते. पाहुणे, घरधनी व मुलगे आधी बसतात. सुके त्यांच्या ताटात जाते. सासू-सुना शेवटी बसतात तेव्हा पातेल्यात रस्सा व दोन हाडके उरलेली असतात. त्यात भाकरी कुस्करून त्यांचे जेवण होते. वर समजूत अशी की, सारा कस रश्श्यातच उतरतो.

ही समजूत खरी नाही. मटणातील प्रथिने व लोह बहुतांशी फोडीतच राहतात. पाण्यात उतरते ती चव, मीठ व थोडी चरबी. बाळंतिणीला वाटीभर अळणी पाजून फोडी इतरांनी खाल्ल्या, तर तिच्या अंगी लागणार काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी देशात 57 टक्के व कर्नाटकात सुमारे 48 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याला जंत, लागोपाठची बाळंतपणे अशी इतरही कारणे आहेत. पण ताट हे एक कारण आहेच. आणि भातलावणीला दिवसभर चिखलात वाकते ती हीच बाई.

डाळी-कडधान्यांतही हाच प्रकार चालतो. पुरणपोळीच्या दिवशी डाळ पुरणात जाते, कट आमटीत. हुलगे शिजवून पाण्याचे सार माणसांना व हुलगे बैलांना, ही तर जुनी रीत. शंभर ग्रॅम हुलग्यांत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. बैल तगडा का दिसतो, हे वेगळे सांगावयास नको!

म्हणून रोजच्या जेवणात आम्ही अख्ख्या मसुराच्या बाजूचे आहोत. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात भात कापल्यावर मसूर होतो. त्याच्या कालवणात दाणा व रस वेगळे काढता येत नाहीत. पळी तळापर्यंत गेली की झाले. हुलग्याच्या पिठीचेही तसेच. उत्पत्तीच्या पुस्तकातील एसाव शेतातून थकून आला आणि मसुरीच्या कालवणासाठी थोरलेपणाचा हक्क देऊन बसला. आपण त्याला हसतो. परंतु शेतातून उपाशी येणाऱ्याची भूक काय असते, हे आपल्या सुनांना विचारावे. मसुरावर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातील लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नये, तो लोह अडवतो.

पुरुषांनीही कटाच्या रश्श्याचे फार कौतुक करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडे कमी मीठ पुरे म्हटले आहे. दोन्ही वेळा वाट्या भरभरून रस्सा ओढणाऱ्याचे मीठ त्यापुढे सहज जाते.

येत्या फेस्ताला वाढपी पुरुषांनी व्हावे. पहिली पंगत बसण्यापूर्वी सुक्याच्या पातेल्यातून स्वयंपाकघरातील बायकांची वाटणी काढून झाकून ठेवावी. फोडी कमी पडल्या तर पाहुण्याला रस्सा वाढावा; तांबडा चांगला झाला असेल तर तो तक्रार करणार नाही.